मंगलच्या लग्नाची रुंद कॉपी

९ फेब्रुवारी, रवि.
सलीम फोटोवाल्यानं कॅसेट करून दिली एकदाची. मंगलच्या लग्नाची. तीन आठवडे चकरा मारल्या. "काका, बुरशी लई होती." असणारच, अठ्ठावीस वर्षं कपाटावर पडून होती.
घरी पेनड्राइव्ह लावला तर टीव्हीभर चित्र! कडेला काळे पट्टेच न्हाईत. शोभा खूश. "अहो, तुमची बहीण काल लग्न झाल्यावानी दिसून राहिली." मी कपाळाला हात लावला. कॅमेरा चौकोनी, कॅसेट चौकोनी. मग ही दोन्ही बाजूची जागा आली कुठून? बावीस वर्षं नांदेडात कॅसेट लायब्ररी चालवली मी. मला येड्यात काढू नका म्हणावं.

१० फेब्रु., सोम.
सका. सलीमकडं. म्हणतो, "पट्टे गिऱ्हाइकाला आवडत न्हाईत काका. एआयनं भरून घेतले."
म्हणजे कडेची माणसं?
"कोणीच न्हाईत ती. मशीन अंदाजानं काढते."
चांगला झापला त्याला. म्हटलं, पिक्चरचं वेगळं असतं बाबा. थेटरात पिक्चर रुंद, कॅसेट चौकोनी, म्हणून दोन्ही कडा कापायचे. हिरोइन बोलून राहिली आणि समोर नुसतं कोणाचं तरी नाक. गिऱ्हाइकाला मी दरवेळी सांगायचो, अर्धं चित्र तुम्ही बघतच न्हाई, असली प्रिंटमधी सगळं हाय. पण तिथं कडा होत्या म्हणून कापल्या. लग्नाच्या कॅसेटला कडाच न्हाईत, तू भरणार काय?
त्यानं ऐकून घेतलं आणि एका पोराचे पासपोर्ट फोटो कापायला लागला. पट्ट्यांची कॉपी बी दे म्हणालो. दिली.

११ फेब्रु., मंगळ.
अक्काचा फोन, लातूरहून. आधी नुसतं "दिगू, दिगू". मला वाटलं बीपी वाढलं.
मग म्हणाली, "दिगू, मी ह्यांना बघितलं."
विनोद, तिचा मुलगा, शनिवारी नांदेडला आला होता. माझ्या आधी सलीमकडून रुंद कॉपी मोबाइलवर घेऊन गेला. मला सांगितलं बी न्हाई गाढवानं.
"मंगळाष्टकाच्या टायमाला डाव्या अंगाला उभे हायत. अक्षता टाकून राहिलेत. मी म्हणत होते ना?"
मी "हाव, हाव" म्हणत राहिलो.
दाजी मंगलच्या लग्नातून गेले ते गेलेच. मानाची टॉवेल-टोपी आधी दुसऱ्याला दिली म्हणून थोरला जावई रुसला, एवढं सगळ्यांना म्हायती. कोणी म्हणे किनवटच्या गाडीत पाहिलं, कोणी म्हणे धर्माबादला. धर्माबादला मी दोनदा जाऊन आलो. विनोद तेव्हा चार वर्षांचा. अक्काच्या सासरचे आजबी ऐकवतात, तुझ्या माहेरानं घालवला, मेव्हणीवर अक्षतासुद्धा टाकल्या न्हाईत त्यानं. अक्काचं एकच म्हणणं, रागीट होते पण अक्षता टाकल्याशिवाय जाणार न्हाईत. कुंकू अजून लावते.

१२ फेब्रु., बुध.
दु. शोभा भाजीला गेल्यावर लावून बघितलं.
कडेची माणसं घाण काढलीत मशीननं. हिरव्या साडीतल्या बाईला सहा बोटं. एकाला पायच न्हाईत. चेहरे हलले की पाण्यात शाई सांडल्यावानी पसरतात. आमच्या मंडपाशेजारी लिंबाचं झाड उभं केलंय, तिथं कधी झाड नव्हतं.
आणि त्या सगळ्यात एक चेहरा हलत न्हाई. दाजी. मोतिया रंगाची सफारी. उजवा हात वर, अक्षता टाकून राहिलेत.
मी जवळ गेलो, अगदी टीव्हीला नाक लावलं. सफारीचा डावा खिसा एका बाजूनं उसवून लोंबकळून राहिलाय.
पंखा बंद केला तरी थंडी वाजत होती.
इथं लिहून ठेवतो. शोभाला बी म्हायती न्हाई. तो खिसा मी फाडला. आचाऱ्याच्या पालामागं. दाजी निघालो म्हणत होते, मी हातापाया पडलो, ऐकेनात. मग माझं डोकं फिरलं. म्हणालो, जायचं तर जा, पुन्हा तोंड दाखवू नका. आणि छातीशी धरलं. खिसा हातात आला. थांबवायला धरलं का ढकलायला, खरंच आठवत न्हाई आता. ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेले मी बघितले. मंगळाष्टकं त्यानंतर लागली.
तिथं तिसरं कोणी नव्हतं.

१३ फेब्रु., गुरु.
पट्ट्यांची कॉपी अथपासून इतिपर्यंत बघितली, थांबवून थांबवून. दाजी एकाच जागी हायत, आदल्या दिवशी सीमांतपूजनाला. खिसा धड, त्यात पेन. ठीक. चेहरा मशीननं तिथून उचलला असंल, सफारी बी. फाटका खिसा कुठून उचलला?
आणखी एक. खऱ्या चौकोनात, मंगळाष्टकाच्या टायमाला, डाव्या कडेतून अक्षता आत येतात. मूठभर. सगळ्यांच्या आधी, "सावधान" म्हणायच्या आत. कोणीतरी चौकटीच्या बाहेर तिथं उभं होतं, हे तर कॅसेटमधीच हाय.
कोणीही असू शकतं. दोनशे माणूस होतं.

१५ फेब्रु., शनि.
सलीमला म्हटलं, तेवढाच तुकडा पुन्हा भरून दे, नव्यानं. त्याच्या शेजारी स्टुलावर बसून राहिलो. अर्धा तास लागला.
लिंबाचं झाड गेलं, तिथं लाल पट्ट्यांची कनात आली. सहा बोटांची बाई गेली, दोन फेटेवाले आले. दाजी तिथंच. खिसा तसाच.
फरक एवढाच की आधी मंगलकडं बघत होते, आता मान थोडी कॅमेऱ्याकडं वळलीय.
सलीमला विचारलं, हा माणूस परत कसा आला?
"येतं कधी कधी काका. मशीनला चेहरा सापडला की सोडत न्हाई." मग म्हणाला, "ओळखीचे हायत का?"
न्हाई म्हणालो. सख्ख्या दाजीला न्हाई म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

१७ फेब्रु., सोम.
आज ठरवूनच फोन केला अक्काला. म्हटलं, बघ अक्का, ते खरं नसतं, कडा मशीन भरते, बाकीच्या माणसांचे हात बघ, पाय बघ.
ती हसली. किती वर्षांनी हसली असंल. "मला शिकवतो का? तूच सांगायचास ना, कॅसेटमधी कडा कापतात, असली प्रिंटमधी सगळं असतं? मग ही असली प्रिंट हाय."
म्हटलं, ते पिक्चरचं, अक्का.
"लग्नाचा बी पिक्चरच असतो की."
तिच्या घरात बसून वर्षानुवर्षं मीच ते लेक्चर झोडायचो. एकदा तर सोमवारची पूजा सोडून ऐकत बसली होती.
त्या चित्राचा मोठा फोटो काढून घेतलाय तिनं. नणंदेला बोलावून दाखवला. "तिचं तोंड बंद झालं दिगू. आता कोणी म्हणावं, ह्यांनी अक्षता टाकल्या न्हाईत म्हणून." रडत होती, पण आनंदानं. मी फोन ठेवून दिला.

२१ फेब्रु., शुक्र.
शोभाला अर्धंच सांगितलं, मशीनचं. खिशाचं न्हाई. म्हणाली, "राहू द्या की. बाई सुखात हाय, तुमचं काय जातं?"
माझं काय जातं. अक्काच्या फोनपासून हेच डोक्यात घोळून राहिलं.
मशीनचं खोटं हाय म्हटलं तर दाजी अक्षता न टाकताच गेले. खरं हाय म्हटलं तर माझं ऐकून घेऊन बी माणूस कोपऱ्यावरून परत आला, फाटक्या खिशानं मंडपात उभा राहिला, मंगलला आशीर्वाद दिला, आणि मग गेला. आणि मी पालामागं कढीत मीठ बघत बसलो होतो. मान वळवली असती तर दिसले असते.
लाज वाटते. अठ्ठावीस वर्षं मी बी "रुसून गेले" म्हणणाऱ्यांतच होतो.

२४ फेब्रु., सोम.
टीव्हीवर कुठला तरी जुना पिक्चर लागला होता. मला मधलं काही दिसेचना, नजर सारखी कडेला. शोभा म्हणाली, मान आखडली का?
पेनड्राइव्ह डब्यात टाकला. चहा घेतला. पुन्हा काढून लावला. आता तर वाटतं ते मंगलकडं बी न्हाई, कॅमेऱ्याकडं बी न्हाई, मंडपाच्या मागं बघून राहिलेत. पालाकडं. सलीमनं त्यानंतर काही बदललेलं न्हाई, फाइल तीच हाय. माझेच डोळे म्हातारे झाले असतील.

२ मार्च, रवि. लातूर.
वही सोबत आणली, बरं झालं.
सकाळच्या एसटीनं आलो. अक्कानं विष्णुपुरी धरणाचं पाणी कसं हाय, शोभाचे गुडघे कसे हायत, सगळं विचारलं. फोटो भिंतीवर. हार न्हाई घातलेला. विनोदनं टीव्ही लावला, चित्र तिथंच थांबवून ठेवलेलं, मोठ्या पडद्यावर.
तिनं विनोदला दह्याला पाठवलं. मग माझ्याजवळ बसली. चष्मा पुसला.
"सफारी मी माझ्या हातानं इस्त्री केली होती दिगू. त्या सकाळी मीच बटणं लावून दिली. खिसा धड होता." बोट पडद्याला लावलं. "ह्या खिशाला काय झालं रे?"
मशीनचं काम हाय अक्का, त्यात काही खरं नसतं. एवढं एक वाक्य तोंडात तयार होतं. म्हटलं की मी सुटलो. आणि दाजी तिच्या मंडपातून पुन्हा गेले.
म्हटलं न्हाई. ती माझ्याकडं बघत होती, पडद्याकडं न्हाई. तिला किती म्हायती हाय कोण जाणे.
मग माझ्या पाठीवर हात ठेवून उठली. "आधी जेव. मग सांग. इतकी वर्षं थांबले, आणखी तासभर थांबते."
पुढच्या खोलीत बसून लिहून राहिलो. टीव्ही चालूच हाय. विनोद दही घेऊन आला, आत ताटांचा आवाज होऊन राहिला.
हाक मारली तिनं. उठतो.