खुर्चीचा डावा हात

आदरणीय सुतारकाका,

तुम्हाला कामासाठी मेसेज लिहायला बसले, तेव्हा ताई म्हणाली, "आधी त्यांच्या कामाविषयी मनापासून दोन शब्द लिही. नुसतं 'काम द्या' म्हणू नकोस." मी लिहिलं, "तुमच्या झुलत्या खुर्चीत मी बसले आहे. उठावंसंच वाटेना." काका, मी त्या खुर्चीचा फक्त फोटो पाहिला होता.

वाटलं, कौतुकच तर आहे, त्यात कुणाचं काय जातंय? तुमचं उत्तर लगेच आलं. "तशी एकच केली होती, बायकोसाठी. ती गेल्यावर रागाच्या भरात विकून टाकली. खुर्चीचा डावा हात अजून कुरकुरतो का गं?"

तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी लिहिलं, "हो, थोडासा."

तुम्ही मला कामावर घेतलंत. आज रंधा कसा धरायचा ते माझ्या हाताला धरून शिकवत होतात आणि माझी मान काही वर होईना. निघताना हळूच म्हणालात, "एखाद्या रविवारी मला त्या घरी नेशील? मी नुसता बघेन, बसणार नाही."

हे पत्र द्यायचा धीर नसलेली,
तुमची नवी शिकाऊ