पन्नास वर्षांनी उघडायच्या पाकिटाची व्यवस्था

घडले ते असे :

१. नव्या नाट्यगृहाच्या दर्शनी दालनाखाली कालकुपी पुरायची होती. स्टीलचे नळकांडे, झाकण वेल्ड केलेले. काम माझे.

२. आतल्या कागदांना ओल लागू नये म्हणून ते चंदेरी पाकिटांत बंद केले. त्याच यंत्रावर माझे एक खासगी पत्रही बंद केले.

३. पाकिटे एकसारखी दिसतात. मी नावे घातली नाहीत.

४. माझे पत्र कुपीत गेले. नाट्यगृह समितीच्या अध्यक्षांचा भावी पिढ्यांना संदेश दिवेवाल्यांना, म्हणजे आमच्या प्रकाशयोजनाकारांना, पोचला.

५. कुपी पन्नास वर्षांनी उघडेल. तेव्हा मी एकोणऐंशीची असेन. नसेनही.

सबब मी, या इमारतीची अभियंता, सकाळपासून विनाकारण हसू येत असले तरी डोके ठिकाणावर असताना, लिहून ठेवते की :

राहती खोली भाड्याची आहे. सायकल धाकट्या बहिणीला. घंटी तिनेच मोडली, तशीच घ्यावी. आईला तिचीच स्थळांची फाइल, न उघडलेली.

अध्यक्षांना काही नाही. "एवढीशी पोरगी काय झाकण लावणार?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. झाकण लागले आहे. तीनदा गळती तपासली. आता ते निघत नाही, याचे सर्वाधिक दुःख मलाच आहे.

दिवेवाल्यांनी शिडीवरून विचारले होते, "मॅडम, माझ्याशी लग्न कराल का?"

मी म्हटले, "आधी खाली उतरा. लेखी कळवते."

पाकीट उघडून ते आले. "मॅडम, यात येणाऱ्या पिढ्यांबद्दल बरंच आहे हो. इतका पुढचा विचार मी केला नव्हता. हे 'नाही' असं समजायचं का?"

"तपासून सांगते," म्हणून मी निघून आले. तेव्हापासून ते माझ्याशी वायरमनमार्फत बोलतात.

कुपीतल्या माझ्या पाकिटाचा संपूर्ण हक्क मी त्यांना देते. तोवर थांबावे लागू नये म्हणून मजकुराची खरी नक्कल :

"हो."

खाली बरीच जागा सोडली होती. आणखी काही सुचले नाही.

सही : अभियंता
साक्षीदार : १. वेल्डरकाका ("वाचलं नाही, पण कळलं.") २. रंगमंचाचे सुतार
लाभार्थीची साक्ष चालत नाही, म्हणून बहिणीची सही नाही. ती दारामागे खिदळते आहे.
स्थळ : बांधकामाची केबिन. तारीख : ११ मार्च.

प्रत : दिवेवाले. तुमचे म्हणणे अजून तेच असेल, तर १८ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत मला स्वतः येऊन कळवावे.