धनाजीच्या गॅरेजवर माझी देखरेख

१ नोव्हेंबर, शनिवार
अपघात. चूक माझी नाही. होटगी रोडला उसाची ट्रॉली अचानक उभी होती. ट्रॉलीवाला म्हणतो, सकाळपासून हितंच हाय की. बॉनेट, बंपर, डावा दिवा गेले. मी शाबूत. गाडी बायकोच्या, महानंदाच्या पगारातून घेतलेली. हे जास्त वाईट.

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी धनाजीच्या गॅरेजला टाकली. सोळा तारखेला बार्शीहून लेकीला, सिद्धूला माहेरपणाला आणायचे आहे, सव्वा महिन्याच्या नातवासकट. महानंदाने विचारले, बाळ बसणार आहे, नीट होईल ना? म्हटले, चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात सुपरवायझर होतो. रोज जातीने उभा राहीन. येताना लेक म्हणाली पाहिजे, गाडी अप्पांनीच चालवावी.

५ नोव्हेंबर, बुधवार
यूट्यूबवर पाहिले. लबाड लोक पत्रा न ठोकता पुट्टी भरतात. लोहचुंबक लावायचा, चिकटला नाही की समजायचे. फ्रिजवरचा नेला. बंपरला लावला. पडला. परत लावला. पडला. चार गिऱ्हाइकांदेखत धनाजीला झापले. तो म्हणाला, सर, बंपर प्लास्टिकचा असतोय की.
मुद्दा तो नाही. वचक बसला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नऊ ते सहा गॅरेजवर. खास खुर्ची दिली आहे. ती रोज थोडी लांब सरकते. आज पानटपरीजवळ होती. धनाजीने विचारले, सर, तुमच्या घरी कोण नसतंय का? आस्थेवाईक माणूस.

१० नोव्हेंबर, सोमवार
रंग मारला. आरसाच! त्यात सोमवार, सिद्धरामेश्वरांचा वार. धनाजी चहाला गेला होता. आमच्या घरी नवी वस्तू विभूतीशिवाय वापरात येत नाही. खिशात होतीच. बॉनेटवर तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. बोटांना रंग लागला. उंची रंग दिसतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
विभूती निघत नाही. रंगात बसून वाळली. पट्ट्यांत बोटांचे ठसेही आहेत. कुणाचेही असू शकतात. धनाजी म्हणाला, देवाचं हाय म्हणून गप बसतोय. आता पुन्हा घासणार, पुन्हा रंगवणार. ओला रंग सोडून चहाला जावे का माणसाने?
धाकधूक वाटते आहे. सोळा तारीख हुकली तर सिद्धूला काय तोंड दाखवू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
धनाजीचा फोन. मला नाही, महानंदाला. बराच वेळ बोलले. ती नुसती, व्हय, कळतंय की, म्हणत होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
महानंदाने एकाएकी नातेपुत्याला पाठवले. तिच्या काशम्मा मावशी अंथरुणाला खिळल्या म्हणे. पोचलो तर मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. म्हणाल्या, मला कसली धाड भरलीया? आख्खा दिवस गेला. गॅरेजवर नक्की आनंदीआनंद असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गाडी तयार! मी नसताना, एका दिवसात! आठवडाभर लावलेली शिस्त कामी आली. महानंदाने यादी काढून एकेक तपासले. ब्रेक, अलाइनमेंट, सीटबेल्ट, एअरबॅग. धनाजीला शेजारी बसवून चक्करही मारून आली. मला लांबूनच बघा म्हणाले.
उद्या जाताना ती चालवणार, येताना मी. ठरले आहे. तिला अजून सांगितलेले नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सायं. ५.२०, बार्शी स्टँड
बाळ गोड आहे. नाक आमच्याकडचे.
निघताना किल्लीसाठी हात पुढे केला. सिद्धूने विचारले, कोण चालवणार? म्हटले, मी. ती बाळाला घेऊन परत घरात गेली. आतूनच म्हणाली, मग अप्पा, आम्ही पुढच्या महिन्यात येतो. कुणी हसले नाही.
वाईट वाटले. फार वाटले. म्हटले, अगं, गंमत केली, आईच चालवणार. शिवाय सामान बरेच, पाळणा आहे, तुम्ही ऐसपैस बसा. मला एसटीच बरी वाटते. तेव्हा ती बाहेर आली.
कोपऱ्यापर्यंत बघत उभा होतो. गाडीचा आवाज नाही, कुठे ओढत नाही, सरळ चालते आहे. धनाजीने काम चोख केले आहे.