गाडीची डावी बाजू

प्रिय बाबा,

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हा खटाटोप. बातमी ऐका: माझी बाजू निवडली गेली! कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

तुम्ही घडवलेली ती जुनी गाडी कारखाना पुन्हा काढतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याकडे अजून तुमच्याच काळासारखं चालतं. मातीचा नमुना एकच, पण उजवी बाजू एकाची, डावी दुसऱ्याची, म्हणजे साहेबांना समोर उभं राहून ताडून बघता येतं. उजवी माझ्या वरिष्ठांकडे होती. त्यांनी तुमचे गोल दिवे ठेवले, रंग ठेवला, आणि मागच्या चाकावरचं ते कुबड इतकं गुळगुळीत केलं, की गाडी पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी दिसायला लागली. कुणाला खुपायला नको, एवढीच त्यांची काळजी. मी मनातल्या मनात बोटं मोडली.

मग इरेला पेटून मी डावी बाजू थेट तुमच्या जुन्या फोटोंवरून केली. सुताचाही फरक नाही. आणि झालं काय, तीही निर्जीव! मला रडूच कोसळलं. आई सांगते ते आठवलं: कुबड पाहून तेव्हाचे साहेब हसले होते, विक्रेत्यांनी नाकं मुरडली होती, तुम्ही तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता, पण बोटभर माती काढली नव्हती. तशी गाडी त्याआधी कुणी पाहिलीच नव्हती, बाबा. मी केलेली मात्र सगळ्यांच्या ओळखीची होती.

त्याच दुपारी मी खरवडणी घेतली आणि तुमचं कुबड मुळापासून काढलं. मागची काच उलटी, आतल्या बाजूला तिरकी बसवली आणि छत तिच्यावर टोपीच्या पुढे आलेल्या कडेसारखं बाहेर काढलं. मग दिव्यांपासून दारांपर्यंत एकेक रेघ नव्यानं ओढली. वरिष्ठांनी कपाळावर हात मारला. मोठे साहेब आधी हसले, मग त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला समारंभाचं बोलावणं येईल. पडदा तुमच्या हातून काढायचा आहे. तिथे चारचौघांत कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय: त्या गाडीत तुमची एकही रेघ उरलेली नाही, आणि त्या सगळ्या मीच पुसल्या आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर तिला तुमच्या गाडीचं नाव द्यायचं नाही, अशी अट मीच साहेबांना घातली आहे. मला ते नाव फार हवंय, बाबा. पण लेक म्हणून हो म्हणू नका.

तुमचीच,
खारूताई