तिसऱ्या रोलपासून

महाल, नागपूर
१४ डिसेंबर १९७२

ती. विश्वनाथराव यांस सौ. मनकर्णाचा नमस्कार.

नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून भुवया चढवू नका. पाकिटावर लिहावंच लागतं, मग आत लिहायला काय हरकत? इकडे सगळं बरं आहे. थंडी चांगलीच पडली आहे आणि गल्लीत संत्र्यांच्या हातगाड्या लागल्या आहेत. स्टुडिओ चालू आहे. हिंगण्याच्या कारखान्यातल्या लोकांना नवे पास हवेत, त्यामुळे रोज पाच-सहा जण फोटोला येतात. ते फोटो कोण काढतं हे पुढे सांगेन.

तुमचे आठही रोल पोचले आणि धुऊन झाले. पहिल्या दोन रोलांबद्दल तुम्ही दोन पत्रांत विचारलंत, त्यांचंही मागाहून लिहिते. आधी बाकीच्या सहांबद्दल.

मी समुद्र पाहिलेला नाही. अंबाझरीचा तलाव हेच माझं मोठं पाणी. तुमचं हर्णै बंदर मला आधी निगेटिव्हवर दिसलं, काळं आकाश आणि काळी शिडं. छापल्यावर शिडं पांढरी झाली. वाळूवरचा मासळीचा लिलाव, टोपल्या घेऊन उभ्या कोळणी, डोलकाठीवर चढलेला तो उघडा माणूस, भर पाण्यातला किल्ला. फोटो सुरेख आहेत. कॅलेंडरवाले खूश होतील. पण मला तेच खटकतंय.

वीस वर्षं मी तुमचे फोटो छापते आहे. तुमच्या फोटोत जमीन नेहमी डावीकडे उतरते. लग्नाचा मांडव असो की शाळेचा ग्रुप, मी एन्लार्जरखाली कागद जरासा फिरवते आणि सरळ करून देते. तुम्हाला वाटतं तो मुळातच सरळ होता, मीही कधी बोलले नाही. आता तिसऱ्या रोलपासून समुद्राची रेघ फुटपट्टीने आखल्यासारखी आहे. बहात्तर फोटो, त्यातला एकही कललेला नाही. हे फोटो तुम्ही काढलेले नाहीत.

रोलच्या कागदावर नंबर आणि तारीख असते, तीही नीट पाहिली. पहिल्या दोहोंवर तुमचं अक्षर आहे. तिसऱ्यापासून दुसऱ्याच कुणाचं, गोल गोल, बक्षीस मिळवलेलं. आणि तुमची पत्रं? अर्ध्या पानाची, ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. "घाईत आहे," म्हणे. समुद्रकाठी बसलेल्या माणसाला एवढी कसली घाई?

शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलंत, लिलाव पुकारणाऱ्याबद्दल लिहिलंत, खानावळीच्या दारातल्या कुत्र्याबद्दलसुद्धा लिहिलंत. पण दोन महिन्यांत एकाही बाईचा उल्लेख नाही. इतकं सोवळं बंदर मी ऐकलेलं नाही.

परवा शेजारच्या कुसुमताई उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काहून वं मनकर्णा, तुया माणूस अजून तिकडंच हाये? कॅलेंडरच्या बारा फोटोले दोन महिने लागतात का वं?" मी म्हटलं, "वारा नसला तर शीड फुगत नाही, ताई." त्या म्हणाल्या, "वारा नाही वं, दुसरंच काही असन." त्यांना चहा पाजून वाटेला लावलं, पण ते वाक्य घरातच राहिलं.

आणि मग सातव्या रोलमधला चौथा फोटो. समोर होडी पाण्यात ढकलत आहेत. सकाळचं ऊन पाठीमागून आलंय, त्यामुळे पुढ्यातल्या वाळूवर दोन लांब सावल्या पडल्या आहेत. एक तुमची, टोपीवरून ओळखली. दुसरी बाईची, पदर उडालेला. दोन्ही डोकी खाली वाकून एकमेकांना टेकल्यासारखी, आणि तिचा हात तुमच्या कमरेशी. असा फोटो बायकोकडे धुवायला पाठवायचा म्हणजे एक तर निर्लज्जपणा, नाहीतर त्या सावल्या फोटोत आल्यात हेच तुम्हाला दिसलं नसेल.

सरळ विचारते. ही कोण? आणि तुम्हाला घरी यायचं आहे की नाही?

दुपारी साडेतीन

पत्र पाकिटात घालणार होते. पण चेहरा नाही तर नाही, निदान तिच्या हातात बांगड्या आहेत का ते कळावं म्हणून तो फोटो मोठा करून घेतला. संशयी म्हणा मला.

हात तुमच्या कमरेला नाही. तुमच्या पोटापाशी कॅमेऱ्याच्या पेटीचा कोपरा सावलीत जरा बाहेर आलाय, आणि तिची बोटं त्याच्या बाजूच्या चकतीवर आहेत. ती फोकस करते आहे. पेटीवरच्या काचेत दोघं वाकून बघताय, म्हणजे ती बघते आहे. तुम्ही नुसते वाकला आहात.

मी ओली प्रिंट हातात घेऊन स्टुलावर बसले आणि खूप रडले.

आता पहिल्या दोन रोलांचं सांगते. धुण्यात काही बिघडलेलं नाही. चोवीसच्या चोवीस फोटो धूसर आहेत, एकाही शिडाला कड नाही. हे लिहायचं टाळत होते, कारण असं मी पहिल्यांदा पाहत नव्हते.

वैशाखातलं रामटेकचं लग्न आठवा, चंपतरावांच्या मुलीचं. मी रोल डेव्हलपरच्या आधी हायपोत बुडवले आणि तिन्ही कोरे निघाले, असं मी सांगितलं. तुम्ही चंपतरावांसमोर म्हणालात, "वीस वर्षं झाले, अजून तुले हायपो समजून नाही राहिला का वं?" नंतर आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. ते कोरे रोल मी मुद्दाम नवे उघडून हायपोत बुडवले होते. खरे तिन्ही तांदळाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेत. त्यात नवरी कुठली आणि करवली कुठली हे ओळखू येत नाही.

मला वाटलं, कळलं तर तुम्ही पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही. म्हणून अडाणी ठरले, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण तुम्ही हर्णैहून दोनदा विचारलंत, तेव्हा तरी खरं लिहायला हवं होतं. मी गप्प राहिले, म्हणून तुम्हाला परक्या बाईला काचेत बघायला सांगावं लागलं. ही चूक माझी.

आणि ते पासाचे फोटो मी काढते. परवा एक जण म्हणाला, "बाई, तुम्हीच फोटो काढून राहिल्या? साहेब कुठी गेले?" मी म्हटलं, "आत आहेत." आजवर एकही फोटो परत आलेला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे आपण दोघं जाऊ. मोतीबिंदू असेल तर काढतात. दुसरं काही निघालं तर पुढच्या वैशाखात मांडवात तुम्ही उभे राहा आणि नवरीला हसवा, ते मला जमत नाही. काचेत मी बघेन. जमीन जरा डावीकडे उतरेल असं बघेन, नाहीतर गिऱ्हाइकांना फोटो तुमचे वाटणार नाहीत.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं, की हे पत्र तुम्हाला तीच वाचून दाखवणार. वरचा भाग फाडायला घेतला होता, पण राहू दे.

बाई, तुमचं नाव मला माहीत नाही. वरचं सगळं वाचा, एक ओळही गाळू नका, त्यांना ऐकू द्या. आणि मला माफ करा. त्यांना मुंबईच्या एसटीत खिडकीशी बसवून द्या, पुढचं मी बघते. तुमचं नाव मात्र त्यांच्याबरोबर कळवा, नाहीतर मला पुन्हा शंका यायला लागेल.

यापुढचं मी दुकानाची पाटी रंगवायच्या ब्रशने लिहिते आहे. ते बाईंना वाचू देऊ नका. कागद डोळ्यांशी धरा आणि तुमचं तुम्ही वाचा.

घरी या.

मनकर्णा