दुसऱ्याच्या पेशी

आई, टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी आज मला विचारलं, "नाव पाठवू का?" आणि मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. माझ्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! आता म्हणे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी यकृतात सोडतात आणि त्या तिथं इन्सुलिन बनवायला लागतात. चाचणी लांबच्या शहरात आहे. जमलं तर सुया सुटतील. पण शरीरानं त्या परक्या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या. हल्ली साखर उतरली तरी मला कळतच नाही गं. परवा स्कूटरसकट गटारात गेले.

पेशी मुळात कुठल्या, ते मी विचारलं. जैनाची पोर, विचारणारच. डॉक्टर जरा चाचरले. "मानवी भ्रूणातल्या. फार पूर्वी काढलेल्या, त्याच वाढवत आलेत."

निपाणीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू स्टोव्हवर सुई उकळते आहेस आणि आत्या उंबऱ्यात उभी राहून म्हणते आहे, "अगं, ते औषध जनावराच्या पोटातनं काढत्यात म्हनं. कंदमूळ न खाणाऱ्या घरात ह्ये चालतंय व्हय?" तू वळलीसुद्धा नाहीस. "माझी पोर जगाय पायजे. पाप लागलं तर मला लागू दे." दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन देवापुढं तू जन्मभर गोड न खाण्याचा नियम घेतलास. माझ्या लग्नात विहिणीनं जिलेबीचा केवढा आग्रह केला, तू ताटावर हात आडवा धरलास. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र तुझा राग आला होता. मी जगायचं आणि तू प्रायश्चित्त करायचं, हा कुठला न्याय?

यांचं म्हणणं सरळ आहे. "गोळ्यांचं काय व्हईल ते बघू. रस्त्यात पडून मेलीस तर मी काय करू?"

त्या भ्रूणाला कुणी विचारलं नसेल. मला त्या गोळ्यांची भीती वाटते आणि त्या जिवाचीही. तरी सोमवारी मी हो म्हणणार आहे. तुझ्यासारखा एखादा नियम घ्यावा, म्हणजे मन हलकं होईल, असं दिवसभर घोकत होते. तू असतीस तर तुझ्या तोंडावर हे बोलायचं धाडस मला झालं नसतं, आणि पत्र तर कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. पण आई, तू गोड सोडलंस तसं मला काहीच सोडायचं नाही.