पिसांच्या कोटाला कुंकू

तीर्थरूप आईस, नॉर्वेहून हेरंबचा शिरसाष्टांग नमस्कार.

साहेबांच्या मोजणीच्या कामासाठी पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जावे लागते. लोकरीच्या कोटात हात उचलेना, म्हणून हलका, पिसे भरलेला घेतला. पिसे घरट्यातली वेचतात, पक्षी मारत नाहीत. तेव्हा विटाळ मानू नकोस.

नवे वस्त्र कुंकू लावल्यावाचून घातले नाही. तुझ्या दसऱ्याच्या पत्रावरचेच ओल्या बोटाने कोटाला लावले. ऊब आहे, तरी झोप येत नाही.

त्या पत्रात अप्पांना ताप असल्याचे होते. उतरला ना? मुंबईत प्लेग वाढल्याचे साहेब सांगतात. धाकट्या नलूला गिरगावाबाहेर मामाकडे पाठव.

दसऱ्यानंतर तुमचे पत्र नाही. येईल त्यावर कुंकू नसले तरी चालेल, फक्त कोपरा फाडलेला नसावा.

तुझा,
हेरंब